प्रत्येक पाण्यातले दोन

नव्वदच्या आसपास मी ठाण्याच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते, आणि माझ्या सगळ्या कामात दोन मासे असे होते की ज्यांचा काही केल्या खुलासा होत नव्हता. दोन म्हणजे दर वेळी दोन. तो खुलासा झाला नाही तर प्रबंध उभा राहणार नव्हता, आणि प्रबंध उभा राहिला नाही तर घरचे आणखी एक वर्ष देणार नव्हते. हे आईने भाजी निवडता निवडता स्पष्ट सांगून टाकलं होतं. सव्वीस वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी अंगाला मासळीचा वास घेऊन डोंबिवलीत परतते, यावर बिल्डिंगमध्ये पुरेशी चर्चा झालेली होती.

माझा विषय चिलापी. आता कुठल्याही बाजारात दिसतो तो काळपट, काटेरी पाठीचा मासा. तो आपला नव्हे. परदेशातून कोणीतरी मत्स्यशेतीसाठी आणला, तळ्यात सोडला आणि मग तो कोणाच्या हातात राहिला नाही. ठाण्यातली तळी, डोंबिवलीच्या मागची डबकी, टिटवाळ्याकडच्या दगडाच्या खाणी, जिथे पाणी साचलं तिथे तो पोचला, आणि तो पोचला की मूळच्या माशांना जागा उरली नाही. आमच्या सरांचा प्रश्न साधा होता. ही पाणी एकमेकांना जोडलेली नाहीत. मग त्यांतले चिलापी अजून एकाच कुळातले आहेत, की प्रत्येक तळ्यात वेगळं घराणं तयार झालंय?

हे शोधायची रीत अशी. माशाच्या यकृताचा तुकडा कुटून रस काढायचा. स्टार्च खिरीसारखा उकळून साच्यात ओतायचा. गार होऊन त्याची वडी थापली गेली की चिरा पाडून एकेका चिरेत एकेका माशाचा रस भरायचा, आणि साचा फ्रिजमध्ये ठेवून सकाळपासून दुपारपर्यंत त्यातून वीज सोडायची. मग वडीचा पातळ थर कापून तो रंगाच्या द्रावणात बुडवून अंधाऱ्या पेटीत ठेवायचा, कारण उजेड लागला की रंग नासतो. अर्ध्या तासाने झाकण उचललं की पांढऱ्या थरावर जांभळे पट्टे उमटलेले असत. प्रत्येक मासा आपापल्या रांगेत. कोणाचा पट्टा पुढे धावलेला, कोणाचा मागे राहिलेला, आणि ज्याला आईकडून एक व बापाकडून दुसरा मिळाला त्याचे दोन्ही. मेलेला मासा आपलं कूळ सांगतोय असं मला पहिल्या दिवशी वाटलं आणि मी ते सरांना बोलून दाखवलं.

"कविता नको, नोंदी करा," सर म्हणाले.

मासे मला कळव्याकडच्या कोळीवाड्यातली एक मावशी द्यायची. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं तशी तिथली मासळी आटली, आणि तिचा नवरा पाग घेऊन, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं घेऊन, तळी आणि खाणी पालथ्या घालू लागला. पहिल्या एक-दोन वेळा मी त्याच्यासोबत गेले. नंतर कंटाळा केला. कुठल्या पाण्यातले मासे हवेत ते मी सांगायचे, तो पहाटे जाळं टाकायचा आणि मावशी सकाळी स्टेशनजवळच्या बाजारात माझी पाटी बाजूला काढून ठेवायची. मी तीस सांगितलेले असायचे. ती तीस मोजायची आणि वर दोन घालायची. वाट्यावर दोन वर घालणं हे आमच्याकडे भाजीसोबत कोथिंबीर घालण्याइतकं गृहीत आहे. वरचे दोन घेतल्याशिवाय आईने आयुष्यात कधी मासळी उचललेली नाही. त्यामुळे ते मला वेगळे असे कधी दिसलेच नाहीत. ताजी मासळी वर आणि कालची खाली, हेही प्रत्येक विकणारी करतेच.

हे वरचे दोघे मात्र फारच ताजे असायचे. प्रयोगशाळेत पाटी उघडली की ताठ पडलेल्या ढिगावर, ओल्या फडक्यात, दोन तोंडं उघडत आणि मिटत असायची. चिलापी चिवट असतो, पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो, हे मला पाठ होतं. तरी ते बघवायचं नाही, म्हणून मी त्यांना आधी उरकायचे. क्रमांक एक, क्रमांक दोन. मग खालचे नासके दोन फेकून तीस पुरे करायचे.

एकदा त्यांतल्या मादीने ट्रेमध्ये पिल्लं ओकली. चिलापीची आई पिल्लं तोंडात सांभाळते, धोका वाटला की सगळी आत घेते. ती मोहरीएवढी पिल्लं, नुसते डोळे, ट्रेमधल्या बोटभर पाण्यात सांडली, थोडी भटकली आणि परत आईच्या तोंडाशी गोळा झाली. तोवर मी आईला मारलेलं होतं. एकेक करून ती आत शिरली. मी उभी राहून बघत होते. त्या दिवशी डबा तसाच परत नेला आणि घरी पोट बिघडल्याचं सांगितलं.

पहिला थर रंगवला तो ठाण्यातल्या एका तळ्याचा. अठ्ठावीस रांगा ठीक होत्या. पहिल्या दोन रांगांत पट्टा खूप मागे, असा मी पुस्तकातही पाहिला नव्हता.

"कडेच्या रांगा आहेत. कडेला थर तापतो. परत करा," सर म्हणाले.

मी परत केलं आणि ते दोघे मुद्दाम मधल्या रांगांत भरले. मधल्या दोन रांगांत पट्टा मागे. मग कल्याणच्या तळ्याचे तीस केले, दोघांचा पट्टा मागे. टिटवाळ्याच्या खाणीचे तीस केले, तिथेही दोघांचा. डोंबिवलीच्या पूर्वेला एका गावात गणपती विसर्जनाचं छोटं डबकं होतं, त्यातले केले. दोन. एक नाही, तीन नाहीत.

सर खूश झाले. कोणीतरी या पाण्यांमधून मासे हलवतंय, असं त्यांचं म्हणणं. पण मला त्यातली खोच दिसत होती आणि ती मला झोपू देत नव्हती. ते दोघे खरंच त्या तळ्यात राहत असते तर त्यांची तिथल्यांशी पैदास झाली असती. दोन्ही पट्टे असलेली मिश्र पिल्लं मला कुठेतरी सापडायला हवी होती. एकही सापडलं नाही. म्हणजे प्रत्येक पाण्यात हे दोघे होते आणि तिथे कोणाशी त्यांचा संबंध नव्हता. एवढ्या मोठ्या तळ्यात हजारो मासे असतील. जाळं टाकलं की त्यांतून नेमके हेच दोघे यायचे, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गावच्या पाण्यातून पुन्हा तेच.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते आणि असल्या गोष्टींना उडवून लावण्यात मला भारी अभिमान वाटायचा. तो गळून पडायला दोन महिने पुरले. पेटीचं झाकण उचलायला हात धजेना. आत ते दोन पट्टे हळूहळू वर येत असणार, हे मला बाहेर बसून कळायचं. खोपटच्या डेपोतून एसट्या पकडून मी नाले बघत हिंडले, या पाण्याला ते पाणी कुठे मिळतं का म्हणून. कुठेच मिळत नव्हतं. एका रविवारी दुपारी मी एकटीच टिटवाळ्याच्या खाणीवर गेले. आजूबाजूला चिटपाखरू नाही. उभे कापलेले दगड, आणि खाली हिरवं, न हलणारं पाणी. मी काठावर अर्धा तास बसले असेन. मग एकाएकी मला वाटलं की खालून कोणीतरी, दोघं जण, माझ्याकडे बघतायत आणि मी कोण ते त्यांना माहीत आहे. मी उठले ती चपला हातात घेऊन रस्त्यापर्यंत पळत आले. आज हसू येतं, पण तेव्हा मी मागे वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाजारात मावशीच्या जागी तिचा नवरा बसलेला दिसला.

"मावशी कुठेयत?"

"ताप आयलाय तिला," तो म्हणाला आणि पाटी पुढे सरकवली.

मी मोजले. बरोबर तीस, सगळे मेलेले. सवयीने मी म्हटलं, "काय हो काका, आज वर दोन नाहीत? मावशी असं कधी करत नाहीत."

"ते तिचे असतान," तो म्हणाला. "ती बावीतले घालतं. मी त्यांना हात नाय लावत."

बाव म्हणजे विहीर. कुठली विहीर, मी विचारलं. घरामागची, तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी तिथेच पाटी धरून उभी राहिले. हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी स्वतःचा असा संताप आला की बस. चार वर्षं शिकून मी वाट्यावरच्या दोन माशांना तळ्याचे समजत होते! माझ्या जागी परगावचा कोणी असता तर त्याने पहिल्या दिवशी विचारलं असतं, हे बत्तीस कसे? मला ते विचारावंसंच वाटलं नाही. त्या दिवशीचा थर स्वच्छ निघाला. तीसच्या तीस रांगा ठीक.

दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले. मावशी घरामागे विहिरीच्या कठड्यावर शाल गुंडाळून बसली होती. विहीर जुनी, अरुंद, तोंडावर जाळं पसरलेलं. पाणी खोल आणि काळं, वर एक पान तरंगत होतं, बाकी काही नाही.

"आयलीस, बाय?" ती म्हणाली. तिने विचारलंसुद्धा नाही मी का आले ते. मांडीवरच्या ताटलीतला मूठभर भात तिने जाळ्याचं टोक उचलून आत टाकला.

आधी काहीच झालं नाही. मग पाणीभर तोंडं आली. कठड्यापासून कठड्यापर्यंत नुसती तोंडं, उघडत आणि मिटत. बशीतून चहा ओरपावा तसा आवाज विहिरीतून वर येत होता. इतके दिवस मी ज्यांना भीत होते ते सगळे तिथे होते.

"माज्या पोरीचे हायेत," मावशी म्हणाली. "सांजचा भात ती यांनाच घालतं. ऐकत नाय."

मी मागे पाहिलं. दाराआड खुंटीला शाळेचा निळा फ्रॉक टांगलेला होता. पोरगी शाळेत गेली असेल असं मी धरून चालले.

मग तिने सांगितलं ते असं. जागा गेली होती. तिथे बिल्डिंग होणार होती आणि पुढच्या महिन्यात विहीर बुजवणार होते. खाडीत सोडले तर मरतील, तळ्यात सोडले तर कोणीतरी खाईल. "म्हून तुना दोन दोन देतं. जिते. तुज्या कालेजात काचेच्या पेट्या हायेत ना, त्यात ठेवतंस ना तू."

हे मीच तिला सांगितलं होतं. एवढ्या माशांचं करतेस काय, असं तिने कधीतरी विचारलं होतं. जन्मभर मासे कापणाऱ्या बाईला, मी त्यांना खलबत्त्यात कुटते, हे सांगायची मला लाज वाटली होती. काचेत ठेवतो, म्हणाले होते. काचेच्या बाटलीत त्यांचा रस ठेवायचे, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं.

"बरे हायेत ना?"

"हो."

"पोरं झाली त्यांना?"

"झाली," मी म्हणाले.

तिचा चेहरा इतका उजळला की मी नजर वळवली. "मंग हे सगले ने," ती म्हणाली.

त्या वेळी तिला विचारण्यासारखं खूप होतं. हे मासे विहिरीत कसे आले, कोणी टाकले, कधी टाकले. मी एवढंच विचारलं, की कधी नेऊ?

दोन दिवसांनी तिच्या नवऱ्याने विहीर उपसली आणि पत्र्याचे दोन मोठे डबे भरून मासे माझ्या रिक्षात ठेवले. मावशी बाहेर आली नाही. डब्याच्या झाकणाला सुतळी बांधता बांधता तो हळूच म्हणाला, "पोरीचं बोलली का काय तुला? मनावर घेव नको. पोर जाऊन पाच वर्सां झाली. कावीलीने गेली. ही अजून तिचं ताट वाढतं."

खाडीचा पूल ओलांडेपर्यंत दोन्ही डब्यांच्या झाकणांवर आतून थापा पडत होत्या. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. मी डब्यांवर हात ठेवून बसले होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

आमच्या कॉलेजच्या पॅसेजमध्ये एक काचेची टाकी होती. मुलांना दाखवायला तळ्यातले चार चिलापी तिच्यात ठेवलेले असत. मी डबे तिच्याशेजारी उतरवले. आणखी दहा-बारा मासे टाकीत सहज मावले असते. तेवढ्यात सर आले. वरच्या दोघांची सगळी हकीकत ऐकून आधी ते पोट धरून हसले, मग एकदम गंभीर झाले. जुन्या मोजणीतून ते दोघे वजा केले की सगळी तळी स्वच्छ होत होती. शिवाय आता हे.

"एका विहिरीत कोंडलेलं घराणं! हे पुन्हा मिळणार नाही. आजच्या आज सगळे घ्या," ते म्हणाले.

मी सगळे घेतले, एकेक करून कुटले. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त आनंद झाला होता, हेही लिहिलं पाहिजे. प्रबंध उभा राहिला होता.

त्या थराच्या पेटीचं झाकण मी न घाबरता उचललं, आणि तेव्हाच खरी घाबरले. या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळा पट्टा एका रेषेत. कुठे तुटक नाही, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. पट्टा दाखवणारं रसातलं दुसरं प्रथिन, म्हणजे दुसरं एन्झाइम घेतलं, तिसरं घेतलं. जिथे जिथे तळ्यांतले मासे एकमेकांपासून वेगळे निघत होते, तिथे तिथे हे सगळे तेच. एकाच माशाला मी पुन्हा पुन्हा मारत आले होते, असं वाटलं. सरांनी मागे उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, की बहुधा एकाच जोडीपासून झालेली प्रजा. ते वाक्य पुढे माझ्या प्रबंधातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य ठरलं.

महिन्याभराने, दुपारी, मावशी कॉलेजात आली. जिना चढून आल्यामुळे तिला दम लागला होता. ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि हातात पाटी नव्हती, एक स्टीलचा डबा होता.

"बाव बुजवली," ती म्हणाली. "म्हटलं, बघून येव."

डब्यात भात होता. मी तिला पॅसेजमधल्या टाकीपाशी नेलं. त्यात ते तळ्यातले चार मासे होते. विहिरीतले मासे त्यांच्यापासून वेगळे मला स्वतःला नुसत्या डोळ्यांनी कधी ओळखता आले नव्हते. ती वाकली, काचेला नाक लावलं आणि थोडा वेळ बघत राहिली. डबा उघडला नाही.

"हे नाय आमचे," ती म्हणाली.

ती सरळ होऊन माझ्याकडे वळली.

"आमचे कुठं हायेत?"

मग मी सांगितलं. पहिल्या दोघांपासून शेवटच्या डब्यापर्यंत, काही न गाळता. कुटणं, रस, वीज, अंधारी पेटी. ट्रेमधल्या पिल्लांचंही सांगितलं. ती रडली नाही. वर्ग सुटला, मुलं आमच्या बाजूने हसत-खिदळत गेली, आणि ती तशीच डबा धरून उभी. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी पायांवर डोकं ठेवलं असतं.

"मंग काय कललं तुना?" तिने शेवटी विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच ऐकायचं होतं. मी म्हणाले, "ते सगळे एकाच जोडीचे होते. विहिरीत पहिल्यांदा फक्त दोन मासे आले असणार. त्या दोघांचीच ती सगळी पोरं."

मावशीने डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं.

"दोनच व्हते," ती म्हणाली. "तलं भरून रस्त्यावर आयलं तवा पोरीने तांब्यात घालून आनले. मना इचारलं असतंस, तं मीच सांगितलं असतं."